थर्मन लॅसिटरने न घेतलेली दारू

थर्मन लॅसिटर चौऱ्याऐंशीव्या वर्षी दारुडा म्हणून प्रसिद्ध झाला. त्याआधी ताकापेक्षा कडक काही त्याने तोंडाला लावल्याचं आमच्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. ज्या दारूमुळे त्याचं नाव पुस्तकात छापून आलं, ती त्याने पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी घेतली असं तो स्वतः सांगतो. त्या मंगळवारी तो संध्याकाळी सहापर्यंत गिरणीत माग दुरुस्त करत होता आणि सातला पियानोसमोर बसलेला होता. मधल्या एका तासात अलाबामातल्या दारूबंदीच्या काउंटीतून पुलापलीकडे जाऊन, पिऊन, परत येणं शक्य आहे, पण त्याला गाडी लागते. थर्मनकडे तेव्हा सायकल होती.

पुलाबद्दल एवढंच की पायनी बेंडमध्ये, म्हणजे आमच्या गावात, कुठल्याही रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो. पुलावर करत नाही. पुलावर कोणी कोणाला दिसतच नाही.

थर्मन पोटासाठी कापडगिरणीत होता. शनिवारी तो तालुक्याभरचे पियानो सुरात लावायचा. चामड्याच्या पिशवीत एक पाना, रबराचे चार तुकडे आणि खरा सूर दाखवणारा एक नादकाटा एवढीच सामग्री. हे काम तो टपालाने शिकला आणि त्या टपाली शिकवणीच्या पैशांची सोय मिस व्हेस्टा क्रम्प्टन यांनी केली. मिस व्हेस्टांनी एकेचाळीस वर्षं शाळेत शिकवलं. गावातल्या निम्म्या लोकांना वाचता येतं ते त्यांच्यामुळे, आणि उरलेल्या निम्म्यांना येत नाही ते त्यांचं न ऐकल्यामुळे. थर्मनला नऊ वर्षांचा होईपर्यंत अक्षर लागत नव्हतं. बाईंनी त्याला वर्षभर रोज शाळा सुटल्यावर स्वतःच्या ओसरीवर बसवलं आणि वाचायला शिकवलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. थर्मनही बोलला नाही. आमच्याकडे उपकार असेच ठेवतात, झाकून.

मिस व्हेस्टांचा दुसरा अधिकार म्हणजे बाप्टिस्ट चर्चमधलं ईस्टरचं एकल गाणं. ते गाणं शेवटी एका उंच सुरावर जाऊन थांबतं. तो सूर लागला की ईस्टर झाला, असं आम्ही धरून चालतो. १९६४ साली बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या आणि त्या वर्षी तो सूर लागला नाही. केसभर खाली राहिला. दोनशे माणसांनी एकाच वेळी माना खाली घालून प्रार्थनेच्या पुस्तकात काहीतरी शोधायला सुरुवात केली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. माझ्या आईने माझीही मान खाली दाबली.

त्यावर करण्यासारखं सरळ काम म्हणजे बाईंना सांगणं, की आता दुसऱ्या कोणाला गाऊ द्या. ते सांगणारा माणूस पायनी बेंडमध्ये जन्मायचा होता. पुढच्या वर्षी ईस्टरच्या आधी थर्मन चर्चचा पियानो लावायला गेला, तेव्हा त्याने नादकाटा पिशवीतच ठेवला आणि सगळा पियानो केसभर उतरवला. दोनशेवीस-तीस तारा, एकेक करून. पियानोच खाली आल्यावर बाईंना चढायला कमी उरलं. त्या ईस्टरला सूर लागला.

वय मात्र थांबत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी केसभर, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. नऊ वर्षांत पियानो अर्ध्या सुराच्या जरा अलीकडे येऊन ठेपला, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत, जिथे जगातलं दुसरं कुठलंच वाद्य नसतं. दर ईस्टर सोमवारी मिस व्हेस्टा थर्मनच्या दारात अंजिराच्या मुरंब्याची एक बरणी ठेवून जायच्या. पियानो लावल्याबद्दल, असं थर्मन समजायचा.

१९७३च्या वसंतात चिनाबेरी नावाचा बँड गावात आला. केस खांद्यापर्यंत, पाय अनवाणी, बोलणं मात्र आईने शिकवलेलं, प्रत्येक वाक्यामागे 'सर' आणि 'मॅम'. गिरणीच्या तळ्याकाठचं बियाण्याचं गोदाम त्यांनी सहा दिवस भाड्याने घेतलं आणि त्यात ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली. त्यांचा पियानो येताना ट्रकवरून निसटून ओढ्यात पडला. म्हणून त्यांनी चर्चचा मागितला. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी दोन तास खल करून दिला. अटी दोन: पियानोवर बियरची बाटली ठेवायची नाही, आणि शनिवारी रात्री तो जागेवर हवा.

सोमवारी संध्याकाळी पियानो गोदामात पोचला. मंगळवारी थर्मनला बोलावणं गेलं. बँडचा गायक डॉयल टिडवेल दारातच उभा होता.

"सर, हा पियानो आमच्या वाद्यांशी बोलत नाहीये."

"किती खाली आहे?" थर्मनने विचारलं. जणू त्याला ठाऊक नव्हतं.

"ना इकडचा ना तिकडचा. मधेच लोंबकळतोय. तुम्ही वर घ्याल का? पैसे काय ते सांगा."

ईस्टर दोन आठवड्यांवर होता. एवढ्या तारा चढवायच्या आणि पुन्हा उतरवायच्या तर त्या ताळ्यावर यायला महिने लागतात. पियानो चढवला असता तर त्या ईस्टरला, पंच्याहत्तराव्या वर्षी, मिस व्हेस्टांना एकदम नऊ वर्षांची उंची गाठावी लागली असती, आणि तीही सगळ्या गावासमोर.

थर्मनने पियानोचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढला.

"नाही जमायचं. आतल्या लाकडाला चीर आहे," तो म्हणाला. "ताण दिला तर तार तुटेल आणि कोणाचा तरी डोळा जाईल."

"मग काय करायचं, सर?"

"तुम्हीच खाली या."

आणि ते आले. गिटारींच्या तारा सैल केल्या, गाणाऱ्यांनी गळे सैल केले. ऑर्गन मात्र सैल होत नाही. विजेचा ऑर्गन कारखान्यातून जो सूर घेऊन येतो तोच घेऊन भंगारात जातो. बँडचा ऑर्गनवाला हॉइट बॅग्वेल, वय सव्वीस, उरलेले चार दिवस कापसाच्या बियाण्याच्या पोत्यावर बसून होता. दोन गाण्यांत त्याला हातात खंजिरी दिली गेली. तो त्याच उन्हाळ्यात बँड सोडून गेला.

'मिल पाँड', म्हणजे गिरणीचं तळं, नावाची ती रेकॉर्ड पुढे काय झाली हे मी सांगायला नको. स्वीडन आणि जपानमधून माणसं आमचं तळं बघायला येतात आणि ते इतकं लहान का, असं विचारतात. पन्नास वर्षं जगभरची पोरं त्या रेकॉर्डबरोबर वाजवण्यासाठी गिटारच्या तारा उतरवत आहेत. जाणकारांनी त्या उतरलेल्या सुरावर भरपूर लिहिलं आहे. मी काउंटीच्या वाचनालयात काम करायचो, त्यामुळे ते वाचायची वेळ माझ्यावरच येई. एकाच्या मते तो यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचा सूर होता, दुसऱ्याच्या मते तळ्याच्या पाण्याखालून ऐकू येणारा. ऑर्गन नसणं हे तर धाडसी मौन म्हणून गाजलं.

मिस व्हेस्टा १९७९चा ईस्टर गाऊन, पुढच्या हिवाळ्यात गेल्या. सूर शेवटपर्यंत लागला. त्यानंतर थर्मनने पियानो दर वर्षी केसभर वर चढवायला घेतला, तितक्याच सावकाश, कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. नव्वदीच्या दशकात कधीतरी तो पुन्हा नादकाट्याला येऊन मिळाला.

मग ओहायोहून प्राध्यापक कॉनरॅड हेल आले. रेकॉर्डच्या पन्नाशीनिमित्त ते पुस्तक लिहीत होते, आणि तळ्याकाठी एक पाटी लागायची होती. सभ्य गृहस्थ. फक्त प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायचे, जे आमच्याकडे उद्धटपणात मोडतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी थर्मनला बसवलं. कॉफी द्यायला म्हणून मी तिथेच होतो.

"मिस्टर लॅसिटर, ध्वनिमुद्रण करणाऱ्याची वही मला मिळाली," हेल म्हणाले. "त्यात लिहिलंय: लावणारा म्हणतो, लाकडाला चीर आहे."

"असेल."

"काल मी चर्चमध्ये जाऊन तो पियानो उघडून पाहिला. तोच आहे, आतला क्रमांक जुळतो. चीर नाही. आणि आज तो अगदी बरोबर सुरात आहे."

"तो मीच लावतो."

"तेच म्हणतोय. चर्चचे पियानो उतरलेले असतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण तुम्हाला तो चढवायला सांगितलं होतं आणि चढवता येत होता. मग का नाही चढवला?" ते थांबले. "रागावू नका. गिरणीत मागांच्या आवाजाने कान गेले होते का?"

थर्मनने कॉफीत साखर घातली, ढवळली, चमचा पुसून बशीत ठेवला. त्याच्यापुढे काय होतं ते मला दिसत होतं. मुद्दाम चढवला नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, कशासाठी? आणि त्याचं उत्तर म्हणजे मिस व्हेस्टा क्रम्प्टन यांना पंधरा वर्षं सूर लागत नव्हता, हे वाक्य, छापील, स्वीडन-जपानपर्यंत. बाई जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि चर्चच्या गानवृंदाच्या खोलीवर अजून त्यांचं नाव आहे. बहिरा होतो म्हणावं, तर साठ वर्षांत त्याने लावलेला तालुक्यातला प्रत्येक पियानो खोटा ठरणार.

"प्यालेलो होतो," थर्मन म्हणाला.

"काय?"

"दारू. त्या दिवशी. आत काय दिसलं मला आठवत नाही. चीर दिसली असेल."

हेल यांनी ते लिहून घेतलं. ते गेल्यावर मी म्हणालो, "थर्मन, तू बाप्टिस्ट चर्चचा पंच आहेस."

"बहिरेपण सगळ्या आयुष्याला पुरतं," तो म्हणाला. "ही एकाच मंगळवारची गोष्ट."

पुस्तक नोव्हेंबरात आलं. पान एकशे बारा. वाचनालयातली प्रत आठवड्यात त्याच पानावर आपोआप उघडायला लागली.

रविवारी चर्चमध्ये त्याच्याशी सगळे नेहमीपेक्षा गोड वागले, त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. सोमवारपासून ताटं येऊ लागली. आमच्याकडे मृत्यू, शस्त्रक्रिया आणि बदनामी या तिन्हीला एकच उपाय आहे: कोंबडी, भात आणि डब्यातलं घट्ट सूप एकत्र भाजून आणलेलं पसरट भांडं, बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. थर्मनकडे तशी नऊ जमली. पाद्री, ब्रदर ड्वेन, वय छत्तीस, दारातूनच हात जोडून आले.

"ब्रदर थर्मन, आपण याच्याविषयी बोलायचं का?"

"कशाविषयी?"

"ओढीविषयी. अजून होते का कधी?"

थर्मनने विचार केला. खोटं एकदा बोलून झालं होतं, दुसरं बोलायची त्याची तयारी नव्हती. "१९७३ नंतर नाही," तो म्हणाला, आणि ते शब्दशः खरं होतं.

"देवाची कृपा! पन्नास वर्षं!" ब्रदर ड्वेन यांचे डोळे भरून आले. थर्मनचं उदाहरण त्यांनी सलग दोन रविवार प्रवचनात दिलं.

दहावं भांडं लूडीन क्रम्प्टनने आणलं. लूडीन म्हणजे मिस व्हेस्टांची पुतणी, वय अठ्ठ्याहत्तर, साठेक वर्षं चर्चमध्ये पियानो वाजवते. ती सगळ्यांशी उभ्यानेच बोलते. थर्मनचा नळ दुरुस्त करायला मी तिथे होतो.

"हे केळ्याचं पुडिंग. भांडं परत दे, गेल्या वेळचं अजून दिलं नाहीस," लूडीन म्हणाली. "आणि आता मला सांग, दारू कुठल्या रंगाची असते?"

"लूडीन, जाऊ दे."

"नाही, सांग ना. प्यालेला माणूस तू! तपकिरी असते का पांढरी?"

"दोन्ही असतात," थर्मन म्हणाला. अंदाज बरोबर निघाला.

"साठ वर्षं त्या पियानोवर बसतेय मी. माझे कान काय डूल अडकवायला आहेत? पासष्ट सालीच कळलं मला."

थर्मन खुर्चीत बसला. "कोणाला बोललीस?"

"काय बोलणार? सगळ्या गानवृंदाला माहीत होतं. पुरुषांना तर बरंच वाटत होतं, त्यांनाही वर जावं लागत नव्हतं."

"बाईंना तरी नाही ना कळलं?"

लूडीनने पुडिंग टेबलावर ठेवलं. "आत्याकडे शाळेची सुराची शिट्टी होती. दर शनिवारी ती घरी फुंकून गळा तपासायची. पहिल्याच वर्षी कळलं तिला."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं. मला म्हणाली, पोराने एवढी मेहनत घेतलीय, आपण बिघडवायचं नाही. मुरंबा तिने आयुष्यात दुसऱ्या कोणाला दिला होता का रे? तीन पाद्री झाले तिच्या वेळी, एकालाही नाही."

माझ्या हातातला पाना मी नको तितका घट्ट फिरवला आणि नळ पुन्हा गळायला लागला.

"पाटीच्या दिवशी तो ओहायोवाला येणार आहे," लूडीन म्हणाली. "त्याला खरं सांगून टाक. माझी आत्या, माझी परवानगी. तुझं नाव असं घाण ठेवून तिला तिकडे स्वस्थ बसवत असेल होय?"

थर्मनने हो म्हटलं. मला वाटतं, तो त्यासाठी खरोखरच तयार झाला होता. पाटीच्या दिवशी त्याने कोट घातला होता आणि खिशात एक कागद होता, चार ओळींचा. त्या त्याने तीन वेळा लिहिल्या होत्या.

मार्च महिना होता. तळ्याकाठी शंभरेक खुर्च्या. गायक आणि ढोलवाला गेलेले, बाकीचे आजारी, त्यामुळे बँडतर्फे एकटा हॉइट बॅग्वेल आला होता. शहात्तर वर्षांचा, जाड, टस्कलूसाला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकून निवृत्त झालेला. भाषणं व्हायच्या आधी तो काठी टेकत थर्मनपाशी आला. प्राध्यापक हेल पाच पावलांवर उभे होते.

"तुम्हीच ना ते पियानोवाले?"

"हो," थर्मन म्हणाला. "मिस्टर बॅग्वेल, मला तुमची..."

"थांबा, मला बोलू द्या, सर. पुस्तक वाचलं मी. पान एकशे बारा." हॉइटने टोपी काढली. "पन्नास वर्षं मला वाटत होतं की तो पियानोचा बनाव होता. डॉयलने तुम्हाला पढवलं असेल, मला बाहेर काढायला. तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून. डॉयलच्या मयतीला गेलो नाही मी, माहीतेय? त्याच्या बायकोने तीनदा फोन केला होता."

थर्मनचा हात खिशात होता.

"आणि निघालं काय, तर तुम्ही प्यालेले होतात!" हॉइट हसायला लागला, मग त्याला टोपीने डोळे पुसावे लागले. "एवढंच. कोणाच्या मनात काही नव्हतं. कोणीतरी नुसता प्यालेला होता. गेल्या महिन्यात डॉयलच्या थडग्यावर जाऊन आलो."

"असं का," थर्मन म्हणाला.

"हो. तर आभार म्हणायला आलो. तुम्ही काय म्हणत होतात?"

प्राध्यापक हेल आता जवळ आले होते आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट बघत उभे होते. थर्मनने खिशातून हात काढला. हातात रुमाल होता.

"म्हणत होतो," तो म्हणाला, "की मला तुमची माफी मागायची आहे. प्यायला नको होतं."

खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून लूडीनने हे ऐकलं. तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, जे चर्चमध्ये वाजवणाऱ्या बाईने म्हणू नये. पुस्तकातला मजकूर तसाच राहिला.

एक गोष्ट सांगायची राहिली. ईस्टरचं एकल गाणं आता ब्रदर ड्वेन यांची बायको गाते. गेल्या वर्षी तिला शेवटचा सूर लागला नव्हता. केसभर खाली राहिला होता आणि आम्ही सगळ्यांनी पुस्तकात डोकी घातली होती. ती बाळंतपणातून नुकतीच उठली होती, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. बाळ तेव्हा दोन वर्षांचं होतं.

यंदा ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी थर्मन पिशवी घेऊन चर्चमध्ये गेला. संध्याकाळी मी त्याला घ्यायला गेलो, तेव्हा लूडीन पियानोवर बसली होती. तिने एक स्वरमेळ वाजवला, ऐकला, थर्मनकडे पाहिलं आणि झाकण लावलं. नादकाटा पिशवीतच होता.

रविवारी सूर लागला.

घरी जाताना गाडीत मी त्याला म्हणालो, "आणि पुढेमागे कोणी विचारलं तर?"

"कारण छापून ठेवलंय," थर्मन म्हणाला. "पान एकशे बारा."